दारच्या ओट्याची सोडत

"मासळी बाजाराच्या सोडतीचे ते प्रकरण स्थानिक ठाण्याच्या आवाक्याबाहेरचे होते. संगणक आमच्या शाखेकडे येताच पडद्यावरील होडीच्या चित्रामागे दडलेला शब्द मी पहिल्याच नजरेत ओळखला आणि प्रकरणाचा छडा लावला. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांनी या काळात जमावाला चहा पाजून शांत ठेवण्याचे काम चोख बजावले."

हा उतारा आमच्या निवृत्त अधिकारी मंडळाच्या स्मरणिकेतला आहे. लिहिणारे गृहस्थ त्या वेळी सायबर शाखेत होते. त्यांचे नाव मी लिहीत नाही. नाव छापून आलेले त्यांना फार आवडते. चहा पाजणारा तो प्रभारी अधिकारी म्हणजे मी. चहा मी पाजला, हे खरे आहे. त्या उताऱ्यातले तेवढेच खरे आहे.

ती घटना मला आजही लख्ख आठवते. तिच्या तीन खोट्या आवृत्त्या फिरत असल्यामुळे ती विसरण्याची सोयही उरलेली नाही. गावात सांगतात, देवीनेच कौल दिला होता. एका स्थानिक वार्तापत्रात छापून आले, 'सासू-जावयाचे संगनमत'. आणि तिसरी ही स्मरणिकेतली होडी. पहिली श्रद्धेची बाब आहे, तिच्याशी मी वाद घालत नाही. दुसरीशी घातला आणि खुलासा छापून आणला, जरी तो आतल्या पानावर, शिकवणी वर्गाच्या जाहिरातीखाली छापला गेला. तिसरीसाठी हा लेख.

करावे गावापासून दिवाळे गावापर्यंतच्या खाडीपट्टीतले ते एक गाव. कोणते, ते विचारू नये. विचारल्यास सगळीच गावे ते आपले नव्हे म्हणतील. भोवती टॉवर उभे राहिले, पण मासळी बाजार गावातल्या कोळणींचाच राहिला. जुन्या उघड्या बाजाराच्या जागी छपराचा बाजार झाला आणि सिमेंटचे ओटे आले. ज्यांना मासळी बाजार केवळ नाकाने ठाऊक आहे, त्यांच्यासाठी सांगतो की ओटे दिसायला सारखे असले तरी सारखे नसतात. टॉवरमधला गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून आत शिरतो, पहिल्या ओट्यावर जे दिसेल ते घेतो आणि पळतो. म्हणून दारचा ओटा म्हणजे सिंहासन. शेवटचा ओटा गटाराच्या तोंडाशी. तिथे साऱ्या बाजाराच्या बर्फाचे पाणी येऊन थांबते आणि गिऱ्हाईक वाट चुकला तरच पोहोचतो.

पावसाळ्यात मासेमारीवर बंदी असते, बाजार थंडावतो. त्या दिवसांत वर्षभरासाठी ओट्यांची सोडत निघे. पूर्वी टोपलीतून चिठ्ठ्या काढत. मग कोणाच्या तरी लक्षात आले की एखादी चिठ्ठी आधी बर्फात ठेवून टोपलीत टाकली, तर चाचपडणाऱ्या हाताला ती गारव्यावरून ओळखू येते. त्या शोधानंतर चिठ्ठ्यांवरचा विश्वास उडाला आणि संस्थेने ठराव केला की सोडत संगणकावर काढावी. संगणकाला थंड-गरम कळत नाही.

संगणकाचे काम केले गावच्याच एका जावयाने. ऐरोलीच्या बाजूला एका कंपनीत तो अभियंता होता. त्याने एक दस्तऐवज तयार करून दिला. त्यात सर्व कोळणींची नावे होती आणि दस्तऐवजाच्याच पोटात एक छोटी आज्ञावली होती. फाइल उघडली की आज्ञावली आपोआप चाले, नावे पत्त्यांसारखी पिसे आणि नवा क्रम पडद्यावर मांडी. पहिल्या नावाला दारचा ओटा, शेवटच्याला गटाराचा.

आणि लागोपाठ तीन वर्षे पहिले नाव एकाच बाईचे आले.

या बाईंना मी दारची मावशी म्हणेन. वय साठीच्या पुढे, आवाज असा की बोलीला उभ्या राहिल्या तर दुसऱ्याने बोलू नये. तो जावई त्यांचाच. पहिल्या वर्षी बाजाराने टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या वर्षी कुजबुज झाली, आणि तिसऱ्या वर्षी सारा बाजार माझ्या ठाण्यात आला.

सारा म्हणजे सारा. मासळी कापायचे कोयते बाहेर ठेवा, असे ठाणे अंमलदाराने सांगितले. "बाहेर ठेवून चोरीला गेले तर तक्रार तुज्याकडंच देयाची ना?" असे एकीने विचारले आणि कोयते आत आले. अंमलदार पंचवीस वर्षे नोकरी केलेला माणूस. त्याने एकदम खुर्ची मागे सरकवली आणि मला बोलवायला तो स्वतः उठून आला, एरवी तो शिपायाला पाठवतो. मी बाहेर येऊन सर्वांना चहा सांगितला. स्मरणिकेतल्या गृहस्थांनी लक्षात घ्यावे की गरम पेला हातात असलेला माणूस हात उगारत नाही. ही जमाव हाताळण्याची पद्धत आहे. तिला आदरातिथ्य म्हणणाऱ्याने जमाव पाहिलेला नसतो.

जमावाच्या पुढे होती मावशींची धाकटी जाऊ. तिच्या वाट्याला तीन वर्षांत दोनदा गटाराचा ओटा आला होता.

"साएब, कम्प्युटर हिलाच कसा ओलखतो? आमी काय वाळीत टाकलेल्या हाव?"

"सोडत आहे, बाई. कोणाचेही नाव येऊ शकते."

"कोनाचाबी येतो ना? मंग माजा एकदा तरी येऊं दे की वर!"

संस्थेने तोवर ठराव केला होता की लबाडी सिद्ध झाली तर मावशींचा ओटा कायमचा काढून घ्यायचा. दारचा नव्हे, कोणताही. चाळीस वर्षे डोक्यावर पाटी वाहिलेल्या बाईने मग घरी बसायचे.

जमाव पांगल्यावर मावशी एकट्या आल्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत.

"साएब, मना आत टाका. पन खरा काय ते काडा."

"तुम्ही संगणकाला हात लावला होता का?"

"माज्या हाताला मासलीचा वास. मना त्या हापिसात कोन घेतो? मी खिरकीतून बगते." मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "ओटा जाईल तर जाऊंदे. पन उद्या पोरीच्या सासरचे बोलतील, हिची आय चोर. मी कनच्या त्वांडानं जाऊ तिच्या दारात?"

गुन्हेगार निर्दोष असल्याचे सांगतो. निर्दोष माणूस तपास करा म्हणतो. हा फरक पुस्तकात नाही, पण मी त्यावर अनेकदा विसंबलो आणि तोंडघशी पडलो नाही.

मी पंचांसमक्ष संस्थेच्या कार्यालयाचा पंचनामा केला, फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि खोलीला कुलूप घालून लाखेची मोहोर लावली. मोहोरेवर विश्वास नसल्यामुळे दोन कोळणी दाराशी पाट टाकून बसल्या, एक मावशींच्या बाजूची आणि एक विरुद्ध बाजूची. त्या पहाऱ्याइतका कडक पहारा मी पुढे मंत्र्यांच्या दौऱ्यातही पाहिला नाही.

मग सायबर शाखेला फोन केला. "साहेब, संगणक बघायला येता का?"

"संगणक काय करायचाय? फाइल पाठवा. जे असेल ते फाइलमध्येच असेल," स्मरणिकेतले हेच माझे स्नेही म्हणाले. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे.

दरम्यान मी लेखनिकाचा जबाब घेतला. संस्थेचा हा लेखनिक अत्यंत पापभीरू माणूस.

"फाइल कशी उघडता?"

"आंघोळ करून, साहेब."

"त्यानंतर?"

"नारळ फोडतो, उदबत्ती लावतो, मग उघडतो."

"कोणत्या बोटाने?" मी चिडून विचारले.

"उजव्या हाताच्या अनामिकेने," तो म्हणाला, आणि अंमलदाराने ते जबाबात लिहूनही घेतले.

सायबर शाखेचा अहवाल आला. त्यांनी फाइल पुन्हा पुन्हा उघडून पाहिली होती. प्रत्येक वेळी वेगळे नाव वर आले. निष्कर्ष असा होता: 'दस्तऐवजातील आज्ञावली निर्दोष आहे. सोडतीच्या वेळी अन्य फाइल वापरली गेल्याची शक्यता असून लेखनिक व लाभार्थी महिला यांच्याविरुद्ध गुन्हा दाखल करणे उचित होईल.' म्हणजे यांच्या टेबलावर काही सापडले नाही, म्हणून माझ्या हद्दीतली दोन माणसे आत घालायची!

अहवालाचा निष्कर्ष सगळे वाचतात. मी त्याच्या पुढचेही वाचतो. शेवटी बारीक अक्षरात होते: 'फाइल उघडताना बाहेरून एखादा शब्द दिला गेल्यास तो वाचणारी एक ओळ आज्ञावलीत आहे. तपासणीत असा शब्द मिळाला नाही. सबब ओळ निरुपयोगी.'

मी फोन लावला. "बाहेरून शब्द म्हणजे कुठून?"

"ते तांत्रिक आहे. तुम्हाला नाही समजायचं."

मला समजले. मी त्यांचे आभार मानून फोन ठेवला आणि खिडकीतून ठाण्याच्या फाटकाकडे पाहिले. त्या फाटकातून दररोज माणसे आत येतात. मोबाइल हरवलेला एक जण नुसता येतो. अंमलदार त्याला बाकावर बसवतो. दुसऱ्याचाही मोबाइलच हरवलेला असतो, पण तो येताच म्हणतो, 'मला अमक्या साहेबांनी पाठवलंय'. त्याच्यासाठी खुर्ची येते. अंमलदार तोच, तक्रार तीच. फरक काय तो दारातून आत येताना सोबत आणलेल्या शब्दाचा. आता अंमलदाराला एकट्याला बसवून तुम्ही दिवसभर तपासले तर तो निर्दोषच ठरणार, कारण तुम्ही त्याच्याकडे कोणाची शिफारस घेऊन गेलेलाच नाही. सायबर शाखेने नेमके हेच केले होते. ते दस्तऐवजाकडे रिकाम्या हाताने गेले होते.

त्याच दिवशी जाऊबाई मागच्या दाराने आल्या. जमावात ओरडणारा माणूस एकटा आला की खबर घेऊन येतो, असा माझा अनुभव.

"साएब, एक गोस्ट सांगते, माजा नाव घेऊ नका. त्या पडद्यावर पापलेटाचं चित्र हाय. लेखनिक त्याला हल्द-कुंकू लावतो. मी इचारला, मासलीला कुंकू कनाला? तर बोल्ला, जावईबापूंनी सांगलंय, नेहमी ह्याच्यावरच टिचकी मारायची, दुसरीकरून उगडायचा नाय."

माझ्या दृष्टीने तपास तिथेच संपला होता. उरले होते ते सिद्ध करणे.

घटना जशी घडली तशी पुन्हा घडवून पाहणे ही पोलिसांची जुनी रीत. दुसऱ्या दिवशी दोन पंच, लेखनिक, आमच्या ठाण्यातली संगणकावर नोंदी करणारी महिला शिपाई आणि मी, असे त्या कार्यालयात जमलो. मोहोर शाबूत असल्याची खात्री दोन्ही बाजूंच्या कोळणींनी करून घेतली. बाकीचा बाजार खिडकीला चिकटला. मावशी सर्वांत पुढे.

संगणक सुरू झाला. पडद्यावर इतर चित्रांपासून दूर एक पापलेट, आणि त्याच्या नेमके वर काचेला चिकटलेला वाळलेल्या कुंकवाचा ठिपका. लेखनिकाने हात जोडले आणि अनामिकेने टिचकी मारली.

पहिले नाव मावशींचे.

"अगो बाय!" मावशी खिडकीतून ओरडल्या.

"पुन्हा," मी म्हणालो.

मावशींचे.

"नको रं बाबा! माजा नाव नको! तुला नारल देते, माज्या जावेचा काड!"

"माजा कनाला? मी काय भीक मांगते?" जाऊबाई मागून कडाडल्या.

तिसऱ्यांदा टिचकी. मावशींनी खिडकीकडे पाठ फिरवली, डोळे मिटले, ओठ पुटपुटत होते. निकाल काय लागला हे त्यांना बाजाराच्या गलक्यावरून कळले. ज्या नावासाठी तीन वर्षे सारा बाजार जळला, ते नाव येऊ नये म्हणून ती बाई देवीला साकडे घालत होती, आणि संगणक काही ऐकत नव्हता. एका पंचाला हसू आवरेना. मी त्याला डोळ्यांनी दाबले. पंचनाम्यावर हसऱ्या पंचाची सही चांगली दिसत नाही.

"आता हे चित्र सोडा," मी लेखनिकाला सांगितले. "फाइल जिथे ठेवली आहे त्या जागी जा आणि तिथून उघडा."

त्याने हात मागे घेतला. "साहेब, तसं उघडत नसतात."

"का?"

"जावईबापूंनी सांगितलंय. आणि तीन वर्षं ह्याची पूजा झालीय."

महिला शिपाई पुढे झाली. तिने मूळ जागेवरून फाइल उघडली. पहिले नाव भलत्याच बाईचे आले. मावशी कितव्या तरी ओळीत. पुन्हा उघडली, तिसरीच बाई वर आली आणि मावशी थेट गटारावर. मावशींनी दोन्ही हातांनी टाळी वाजवली. "बगा! बगा! मी गटारावर!" एवढ्या आनंदाने गटारावर गेलेली दुसरी व्यक्ती माझ्या पाहण्यात नाही.

पुन्हा पापलेटावर टिचकी मारली. मावशी सिंहासनावर.

"आता या चित्राच्या पोटात काय आहे ते दाखव," मी शिपाईला म्हणालो. तिने माउसचे उजवे बटण दाबून चित्राची माहिती उघडली. फाइल कुठे आहे याचा पत्ता तिथे लिहिलेला होता, आणि पत्ता संपल्यावर, थोडी जागा सोडून, एक आकडा. मावशींचा संस्थेतला सभासद क्रमांक. चित्रावर टिचकी मारली की फाइल उघडायची आणि तो आकडा शिफारसपत्रासारखा आत जायचा. आज्ञावली तो वाचायची, त्या सभासदाला मानाने पुढे बसवायची आणि उरलेल्यांना पिसायची. कोणी रिकाम्या हाताने आले तर तीच आज्ञावली सर्वांना सारखा न्याय द्यायची. ते बटण शिपाईने दाबले, हे मान्य. दाब म्हणणारा मी होतो.

मी जावयाला फोन करून त्या आकड्याविषयी विचारले. "अरे हो, सर. टेस्टिंगच्या वेळचं राहिलं असेल. नॉर्मल आहे," तो शांतपणे म्हणाला.

हे उत्तर मला पुरणारे नव्हते, मावशींना तर मुळीच नाही. चूक म्हटली तरी बाजार म्हणणार, सासूनेच सांगून करवून घेतली. त्याच्या तोंडून, आणि बाजारातल्या कोणाच्या तरी समोर, सत्य यायला हवे होते. मी त्याला ठाण्यात बोलावण्याचे पत्र तयार करायला सांगितले, तेव्हा मावशी आडव्या आल्या.

"साएब, अदिक म्हयना हाय. दोंड्याच्या म्हयन्यात जावयाला पोलीस ठान्यात बोलावतात काय? पाप लागंल. मी त्याला जेवाला बोलवते. तुमीबी या. तितं इचारा."

अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे आणि अनारसे खाऊ घालायचे, वाण द्यायचे, ही आपल्याकडची रीत. कायद्याने चौकशी कुठे करावी याला मर्यादा आहेत. पाटावर करू नये असे कुठे लिहिलेले नाही. मी साध्या कपड्यांत गेलो. पापड तळायला मदत म्हणून जाऊबाई हजर होत्या. तशी सूचना मीच मावशींना केली होती.

जावई रांगोळी काढलेल्या पाटावर बसला. मी शेजारी. तो सावध होता. प्रश्नाची वाट पाहत एकेक घास मोजून खात होता. मी प्रश्नच विचारला नाही. मी देवीचे कौतुक सुरू केले.

"मावशी, काही म्हणा, देवी तुमच्यावर प्रसन्न आहे. तीन वर्षं दारचा ओटा!"

"हां ना साएब. दर साली खन-नारलानं वटी भरते तिची," मावशी तूप वाढत म्हणाल्या.

जावयाने अनारसा ताटात परत ठेवला.

"देवीशिवाय हे कोणाला जमणार?" मी म्हणालो.

"दुसऱ्या कोनाची ताकद हाय?" मावशी म्हणाल्या.

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी शेवटचा खडा टाकला. "आणि जावईबापू, वाईट वाटून घेऊ नका, पण आमच्या सायबर शाखेच्या तज्ज्ञांनी अहवालात लिहिलंय, की तुमच्या आज्ञावलीत एक ओळ निरुपयोगी आहे. करणारा जरा कच्चा असावा."

"निरुपयोगी?" तो ताडकन म्हणाला. "कोण म्हणालं? सर, अख्ख्या फाइलमध्ये तीच ओळ डोकं लावून लिहिलीय! बाहेरून नंबर घेते, चेक करते, नंबर नसला तर कोणाला पत्तासुद्धा लागत नाही. तीन वर्षं कोणाला कळलं का? तुमच्या तज्ज्ञांना तरी कळलं का?"

"नाही कळलं," मी प्रामाणिकपणे सांगितले. "पण केलंत कोणासाठी?"

तोंडातून काय गेले ते त्याच्या ध्यानात आले होते. मग सासूकडे न बघता म्हणाला, "आईंसाठी. घरून काम करतो, तर लग्न झाल्यापासून ऐकतोय, जावई दिवसभर घरात बसून असतो, कम्प्युटरवर काय करतो कोणास ठाऊक. साडी आणली तर परत देतात. म्हटलं, एक तरी गोष्ट अशी देऊ जी परत देता येणार नाही. दिली. आणि तीन वर्षं नारळ कोणाला? देवीला!"

"तुमी मना सांगितलाव काय?"

"सांगितलं असतं तर घेतला असतात का ओटा?"

"नसता घेतला," मावशी म्हणाल्या, आणि खाली वाकून त्यांनी त्याच्या पुढ्यातले ताट उचलले. धोंडे, अनारसे, तुपाची वाटी, सगळे. भर अधिक महिन्यात जावयाच्या पुढ्यातून ताट उचलले गेल्याचे मी दुसरीकडे कुठे ऐकलेले नाही. "माजं चालीस वर्सांचं त्वांड तुमी गटारात घातलाव, जावईबापू. उद्या बाजारात चला. शेवटच्या ओट्यावर उबं राहून सांगा सगल्यांना. मंग जेवा."

स्वयंपाकघराच्या दारात जाऊबाई हातात चिमटा घेऊन उभ्या. चिमट्यात पापड, पापड विसरलेला. "बाय," त्या थोरल्या जावेला म्हणाल्या, "मी तुला चोर बोल्ले. माजा चुकला. पन चोर तुज्या घरातलाच निगाला, म्हंजे अर्दा तरी बरोबर बोल्ले की नाय?"

दुसऱ्या दिवशी जावई शेवटच्या ओट्यावर उभा राहिला, बूट बर्फाच्या पाण्यात, आणि त्याने सर्व सांगितले. बाजाराने ऐकून घेतले. तक्रार अर्ज मागे घेण्यात आला, लेखनिक संशयातून सुटला, मावशींविरुद्धचा ठराव रद्द झाला. जावयाला ताट परत मिळाले, पण अनारसे त्यातले कमी झाले होते. ते जाऊबाईंनी घरी नेले. नवी सोडत पुन्हा टोपलीतून चिठ्ठ्या काढून झाली. गारव्याचा संशय उरू नये म्हणून या वेळी सगळ्याच चिठ्ठ्या प्लॅस्टिकमध्ये घालून बर्फात ठेवल्या होत्या. मावशींना आला गटाराचा ओटा. दारचा आला जाऊबाईंना.

पुढच्या महिन्यात जाऊबाई पुन्हा ठाण्यात. "साएब, गिऱ्हाईक माज्यासमोरून जातो आनि थेट गटारापतूर तिच्याकडं! तितं मागं काय कम्प्युटर ठेवलाय काय, बगा जरा." मी त्यांनाही चहा पाजला.

या प्रकरणाने मला जे शिकवले ते असे. माणूस असो वा दस्तऐवज, त्याच्या पोटात काय आहे हे तपासून अर्धेच काम होते. तो कोणाच्या शब्दानिशी दारातून आत गेला हेही विचारावे लागते. आणि ज्याने काम केले त्याच्यासमोर त्याचे श्रेय दुसऱ्याला देऊन पाहावे. मार खाऊनही गप्प बसणारी माणसे मी पाहिली आहेत. आपले श्रेय दुसऱ्याच्या नावावर जाताना गप्प बसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

आता स्मरणिकेतल्या गृहस्थांविषयी. ते लिहितात, संगणक त्यांच्या शाखेकडे आला. तो त्या खोलीतून कधीही हलला नाही. त्यांच्याकडे गेली ती पेनड्राइव्हवरची फाइल. संगणक नको, असे ते स्वतःच म्हणाले होते. शब्द फाइलमध्ये नव्हताच. तो चित्रामागे होता, आणि चित्र यंत्रावरच राहिले, लाखेच्या मोहोरेमागे, दोन कोळणींच्या पहाऱ्यात. मग जे चित्र त्यांच्यासमोर कधी आलेच नाही, त्यामागचा शब्द त्यांनी पहिल्या नजरेत कसा ओळखला? मला त्यांचे उत्तर नको आहे, साक्षीदारही नकोत. त्यांनीच छापलेले एक वाक्य पुरे आहे. ते म्हणतात, पडद्यावर होडी होती.

ते पापलेट होते.